टॅप का तुटतो? जुन्या मिलिंगवर स्पिंडल एन्कोडर बसवताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह ब्लॉकचं काम नेहमी असतं. एका ब्लॉकला बारा भोकं, त्यातली बरीचशी आट्यांची. मागच्या पावसाळ्यात अशाच एका ब्लॉकची अकरा भोकं मारून झाली होती. बाराव्यात एम१० चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारं टूल, खाली गेला, परत फिरायच्या वेळी ‘कट्ट’ असा आवाज आला आणि टॅपचा अर्धा तुकडा आत राहिला. फेसिंग, बोअरिंग सगळं झालेला ब्लॉक. टॅप स्पार्कवर, म्हणजे ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनवर, काढून घेतला, पण तोवर भोकाचे आटे गेलेच होते.

मशीन म्हणजे शिरोलीहून आणलेली जुनी एम-वन-टीआर मिलिंग. तिन्ही अक्षांना बॉल स्क्रू आणि सर्व्हो मोटर लावून आम्ही ती सीएनसी केली होती, कंट्रोलला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. स्पिंडलची (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याची) मोटर मात्र तीच जुनी थ्री-फेज, व्हीएफडीवर, म्हणजे हर्ट्‌झ बदलून वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालणारी. ड्रिलिंग, मिलिंग छान व्हायचं. टॅपिंगला मात्र दर महिन्याला टॅपांचा खर्च. दोष ऑपरेटरच्या हाताचा नव्हता. मशीनला स्वतःचा स्पिंडल दिसत नव्हता, इतकंच.

टॅप मारताना दोन हालचालींची सांगड लागते. एम१० × १.५ चा (१.५ म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर) टॅप एक फेरी फिरला की झेड, म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष, बरोबर १.५ मिलिमीटर खाली यायला हवा. टॅप कोलेटमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या बुशमध्ये) घट्ट धरलेला, त्यामुळे कमी-जास्त झालं तर जायला जागा नाही. ताण सगळा आट्यांवर आणि टॅपवर येतो. एन्कोडर नसलेल्या मशीनवर आपण हिशोबाने चालतो. स्पिंडल मिनिटाला ३०० फेऱ्या, पिच १.५, म्हणून फीड, म्हणजे झेडचा वेग, मिनिटाला ४५० मिलिमीटर. हिशोब कागदावर बिनचूक आहे. पण स्पिंडल खरंच ३०० ने फिरतोय का?

इंडक्शन मोटर कधीच पूर्ण वेगाने फिरत नाही. चार पोलच्या मोटरचा ५० हर्ट्‌झवर कागदोपत्री वेग १५००, पण तिच्या प्लेटवर १४४० च्या आसपास आकडा असतो. पूर्ण लोडवर ती ६० फेऱ्या मागे पडते, म्हणजे ४ टक्के. लोड कमी तर मागे पडणं कमी, टॅप आत घुसून जड झाला की जास्त. आपल्या ३०० च्या जागी स्पिंडल २८८ ने फिरला असं धरा. दहा फेऱ्यांत टॅपला खाली जायचं होतं १५ मिलिमीटर. फीड मात्र ठरल्या वेगाने चालूच, तेवढ्या वेळात झेड १५.६ गेला. ०.६ मिलिमीटरचा फरक, जवळजवळ अर्धा आटा! फ्लोटिंग होल्डरमधली स्प्रिंग हा फरक पोटात घालते, म्हणून गेली कित्येक वर्षं सगळे तो होल्डर वापरतात आणि साध्या कामाला तो पुरतोही. पण स्पिंडल थांबून उलटा फिरतो त्या घडीला वेग शून्यातून जातो, आणि तिथे फीडचा हिशोब पूर्ण कोलमडतो. आमचा टॅप तिथेच तुटला.

यावर उपाय एकच: झेडने हिशोबावर न चालता स्पिंडलच्या मागे चालायचं. स्पिंडल पुढे, झेड मागे. स्पिंडल हळू झाला तर झेड हळू, थांबला तर थांबेल, उलटा फिरला तर वर येईल. त्यासाठी स्पिंडल या क्षणी किती फिरला हे कंट्रोलला सतत कळत राहिलं पाहिजे. ते काम एन्कोडरचं. पुष्कळ जण त्याला आरपीएम दाखवणारं मीटर समजतात. आरपीएम तो दाखवतोच, पण त्याचं खरं काम स्पिंडल कुठल्या कोनात उभा आहे हे सांगायचं.

एन्कोडरच्या आत एक चकती असते, तिच्यावर बारीक रेघा. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सेन्सर. चकती फिरली की उजेड-अंधार, उजेड-अंधार. यातून येणाऱ्या एका सिग्नलला ए म्हणतात. नुसत्या ए वरून चकती किती फिरली ते कळतं, कुठल्या दिशेने ते कळत नाही. म्हणून पाव रेघेने सरकवून दुसरा सिग्नल घेतात, तो बी. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांसारखं आहे हे. पहिलं गेट आधी पडलं आणि मग दुसरं, तर गाडी लोंढ्याकडे चालली. दुसरं आधी आणि मग पहिलं, तर ती स्टेशनकडे येतेय. गाडी डोळ्यांनी पाहायची गरज नाही, गेटांचा क्रम पुरतो. ए आधी की बी आधी, त्यावरून दिशा ठरते. तिसरा सिग्नल झेड, म्हणजे इंडेक्स: पूर्ण फेरीत एकदाच येणारी खूण. (अक्षाचं नावही झेडच, म्हणून पुढे मी याला इंडेक्सच म्हणतो.)

१०२४ रेघांचा एन्कोडर घेतला तर ए आणि बी दोन्हींचे चढ-उतार मोजून फेरीला ४०९६ काउंट मिळतात.

आता बसवायचा कुठे? माझ्या मते सगळ्या कामातलं अवघड हेच आहे, आणि लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात. सोपी जागा दिसते ती मोटरच्या शाफ्टचं मागचं टोक. तिथे लावू नका. मोटर आणि स्पिंडल यांच्यामध्ये व्ही-पट्टा आहे, आणि व्ही-पट्टा लोडवर थोडा घसरतोच. मोटर काय करतेय ते एन्कोडर इमानदारीने सांगेल, पण टॅप मोटरला लावलेला नाही, स्पिंडलला लावलेला आहे.

स्पिंडलच्या अगदी डोक्यावर लावावा तर तिथे ड्रॉबार आहे, टूल वर ओढून धरणारा लांब बोल्ट. टूल बदलताना पाना तिथेच लागतो. शिवाय या जातीच्या मशीनमध्ये क्विल (स्पिंडलला पोटात धरणारी नळी) वर-खाली होतो, म्हणजे त्याच्याबरोबर स्पिंडलही. क्विलवर एन्कोडर लावला तर तो आणि त्याची केबल दिवसभर वर-खाली ओढत राहणार. वर डोक्यात मात्र स्प्लाइनमधून स्पिंडलला फिरवणारी पुली एका जागेवर फिरते. एन्कोडरसाठी पट्टा घ्यायची जागा ती.

पण त्यातही एक फास आहे: बॅक गिअर, म्हणजे स्पिंडलचा वेग कमी करणारे डोक्यातले गिअर. बॅक गिअर घातला की ती वरची पुली आणि स्पिंडल यांचा वेग वेगळा होतो, आणि या डोक्यात फिरायची दिशाही उलटते. पुलीवरून मोजणारा एन्कोडर अशा वेळी साफ खोटा आकडा देतो. आम्ही शेवटी बॅक गिअर वापरायचाच नाही असं ठरवलं. क्लच कायमचा डायरेक्टवर ठेवला, मोटरचा पट्टा सगळ्यात हळू फिरवणाऱ्या पायरीवर घातला, आणि उरलेला वेग व्हीएफडीवरून कमी-जास्त करतो. फार कमी हर्ट्‌झवर मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते, म्हणून मोठे टॅप या मशीनवर मारत नाही. हा तोटा आम्ही पत्करला.

स्पिंडलच्या पुलीवर एक दात्यांची पुली बसवली, एन्कोडरवर दुसरी, दोन्हींना सारखेच दात, मध्ये टायमिंग बेल्ट. सारखे दात कशासाठी? एन्कोडरची पुली निम्म्या दात्यांची असती तर स्पिंडलच्या एका फेरीत इंडेक्स दोनदा आला असता. दात अडनिडे असते तर इंडेक्स दर वेळी वेगळ्याच कोनात आला असता. नवं भोक एका दमात टॅप करायचं असेल तर याने फरक पडत नाही. टॅपने कुठल्याही कोनातून सुरुवात केली तरी आटा सरळच पडतो. पण एकदा टॅप केलेल्या भोकात पुन्हा टॅप घालून दोन मिलिमीटर खोल करायची वेळ आली, तर तो त्याच कोनात शिरला पाहिजे. नाहीतर जुन्या आट्यांवर दुसरे आटे चढतात. लेथवर आटे पाडताना तर दहा-दहा पास घ्यावे लागतात, तिथे इंडेक्सशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही.

पुली बसवताना एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतोच. एन्कोडरचा शाफ्ट आठ मिलिमीटरचा, पुलीचं भोक थोडं घट्ट आलं होतं. लाकडाचा ठोकळा ठेवून दोन हलके ठोके दिले. आत चकती काचेची असते. तो एन्कोडर पुन्हा कधी नीट बोलला नाही. पुली हाताने सरकेल इतकीच घट्ट हवी आणि स्क्रूने धरायला हवी. पट्ट्याचा ताणही बोटाने दाबला तर थोडा दबेल एवढाच ठेवा, कारण आतले बेअरिंग बारीक असतात.

आता रेघा किती घ्यायच्या? दुकानदार २५०० रेघांचा एन्कोडर पुढे करतो आणि जास्त म्हणजे चांगला असं आपल्यालाही वाटतं. हिशोब करून पाहा. १०० रेघांचा एन्कोडर फेरीला ४०० काउंट देतो. १.५ पिचच्या टॅपला एक काउंट म्हणजे ०.००३७५ मिलिमीटर. टॅपिंगला हे पुरून उरतं. उलट जास्त रेघांचा भार मोजणाऱ्यावर पडतो. १०२४ रेघा, स्पिंडल ३००० ने, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या गुणिले ४०९६: सेकंदाला २,०४,८०० काउंट.

हे मोजणार कोण, यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवर मशीन चालत असेल तर मोजणी सॉफ्टवेअर करतं. त्याचा एक फेरा ४० मायक्रोसेकंदांचा धरला तर सेकंदाला तो २५,००० वेळा डोकावून बघतो. दोन डोकावण्यांच्या मध्ये दोन काउंट निघून गेले तर ते कायमचे गेले. म्हणून पॅरलल पोर्टवर कमी रेघांची चकती आणि कमी वेग यांचीच जोडी जमते. इंडेक्सचं दुखणं याहून बारीक आहे. तो सिग्नल बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या काउंटएवढाच रुंद असतो. १०२४ च्या एन्कोडरवर ३००० च्या वेगाला एक काउंट साधारण ५ मायक्रोसेकंद टिकतो. ४० मायक्रोसेकंदांनी एकदा बघणाऱ्याला तो दिसणार कसा? आमच्याकडे पहिले आठ दिवस हेच चाललं होतं. प्रोग्रॅम टॅपिंगच्या ओळीवर यायचा, स्पिंडल फिरत राहायचा, आणि झेड भोकावर पाच-सहा मिलिमीटर उंच तसाच उभा. कधी खाली यायचा, कधी नाही. मशीन अडकलं असं आम्ही समजलो. ते अडकलं नव्हतं, इंडेक्सची वाट बघत होतं.

शेवटी मेसा कंपनीचं कंट्रोल कार्ड घेतलं. त्यात मोजणी सॉफ्टवेअर करत नाही, कार्डावरची चिप स्वतः करते, त्यामुळे वरचे आकडे तिला काहीच नाहीत. नवी मशीन करणाऱ्यांना मी हेच सांगेन: रेघांवर पैसे घालू नका, मोजणाऱ्या कार्डावर घाला.

वायरिंगचं थोडक्यात. लाइन ड्रायव्हर आउटपुटचा एन्कोडर घ्या, ज्यात प्रत्येक सिग्नलबरोबर त्याचा उलटा सिग्नलही येतो. बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि घेणारं कार्ड दोघांतला फरकच वाचतं, म्हणून गोंधळ गळून जातो. कार्डावरचा जंपरही त्याच प्रकारावर हवा. तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय जोडू नका. ५ व्होल्टच्या एन्कोडरला २४ व्होल्ट दिले की तो तिथेच संपतो.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या भरपूर, आणि आमच्यासारख्या शॉपमध्ये कास्ट आयर्नची काळी पूड सगळीकडे बसते. चुंबकाच्या रिंगवर चालणारा उघडा सेन्सर स्वस्त मिळतो, पण ती पूड नेमकी चुंबकावरच जाऊन बसते. ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याला तो चालेल. बिडाचं काम असेल तर बंद डब्यातला, सील असलेला ऑप्टिकल एन्कोडरच घ्या.

मग कंट्रोलमधली सेटिंग. स्केल म्हणजे एका फेरीचे काउंट, आमच्याकडे ४०९६. एम३ ला (स्पिंडल सुलटा फिरवायच्या आज्ञेला) आकडा वाढायला हवा; कमी होत असेल तर स्केलला वजा चिन्ह द्या, तारा उपटायची गरज नाही. लिनक्ससीएनसीला स्पिंडलचा वेग सेकंदाच्या फेऱ्यांत हवा असतो, मिनिटाच्या नाही. पडद्यावर आरपीएम दिसावा म्हणून आपण ६० ने गुणतो आणि तोच गुणलेला आकडा चुकून कंट्रोललाही देतो. मग ३०० चा स्पिंडल त्याला १८,००० चा वाटतो. इंडेक्स-इनेबलची जोडणी दोन्ही बाजूंनी बोलणारी असते. आटे सुरू करायच्या आधी कंट्रोल ती वर करतं, एन्कोडर पुढच्या इंडेक्सला मोजणी शून्यावर आणतो आणि ती खाली करतो. खाली आली की झेड निघतो. ती जोडायची राहिली, तर एन्कोडर उत्तम चालत असूनही झेड हलत नाही.

वेग गाठला का हे सांगणारा सिग्नलही एन्कोडरवरून घ्या. ठरल्या वेगाच्या किती जवळ आलं की चालेल ती मर्यादा १ टक्का ठेवली, तर मागे पडणारी मोटर तिथे कधीच पोचत नाही आणि मशीन पुन्हा वाट बघत बसतं. आम्ही ५ टक्के ठेवली.

आता तपासणी. ही टॅप लावायच्या आधी करायची, आणि हिला खडू सोडून काही लागत नाही. पुलीवर आणि डोक्यावर समोरासमोर खडूने एकेक रेघ मारा. पॉवर चालू, व्हीएफडी बंद. हाताने स्पिंडल दहा फेऱ्या फिरवून रेघ रेघेला लावा. पडद्यावर १०.००० च्या जवळ आकडा हवा. ९.५ किंवा ११.२ आला तर स्केल किंवा दात्यांचा हिशोब चुकलाय. मग स्पिंडल दहा मिनिटं १००० वर फिरवा, थांबवा, पुन्हा हाताने रेघ रेघेवर आणा. पूर्णांक कितीही असो, दशांशानंतरचे आकडे पहिल्यासारखेच हवेत. आमच्याकडे सुरुवातीला तिथे ०.१३७ दिसलं, म्हणजे कुठेतरी काउंट जास्तीचे घुसत होते. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच पट्टीतून नेली होती. ती वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केलं, आणि दशांश जागेवर आले.

यानंतर फ्लोटिंग होल्डर लावून ॲल्युमिनियमच्या तुकड्यात टॅप मारा. गंमत वाटेल, पण सांगड जमली की नाही हे बघायला जुना होल्डर उत्तम. सगळं बरोबर असेल तर त्याची स्प्रिंग हलतच नाही. आमचा बैलहोंगलचा ऑपरेटर होल्डरला डोळा लावून ‘निधान, निधान’ (कन्नडमध्ये ‘हळू, हळू’) म्हणत होता, आणि स्प्रिंग जागची हलली नाही तेव्हा त्याने स्वतःहून घट्ट कोलेट आणून पुढे धरलं.

जी३३.१ या आज्ञेने घट्ट टॅपिंग होतं. त्यात काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण तुटण्याची दुसरी जागा इथे आहे. झेड ठरलेल्या खोलीला पोचला की कंट्रोल स्पिंडलला उलटा फिर म्हणतं. स्पिंडल जड आहे, लगेच थांबत नाही. तो फिरत राहतो तेवढा वेळ झेडही त्याच्याबरोबर खाली जात राहतो, म्हणजे ठरल्या खोलीच्या पुढे. टॅप सुरक्षित राहतो, पण भोक आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं, असेल तर तो तळाला टेकतो. ३०० च्या वेगाला, थांबायला ०.४ सेकंद लागत असतील तर सेकंदाला ५ फेऱ्यांवरून शून्यावर येताना साधारण एक फेरी जास्त होते: १.५ मिलिमीटर. तोच टॅप १००० वर मारला आणि थांबायला एक सेकंद लागला तर आठ फेऱ्यांच्या वर, सुमारे साडेबारा मिलिमीटर! म्हणून घाई नको. व्हीएफडीला ब्रेकिंग रेझिस्टर लावला तर थांबायचा वेळ बराच कमी होतो, आम्ही लावला. वर येतानाही असंच होतं: सुरुवातीचा बिंदू ओलांडून टॅप आणखी वर जातो, थांबतो, आणि मग सांगड सोडून त्या बिंदूवर परत येतो. म्हणून सुरुवात भोकाच्या तोंडापासून चांगली पाच-सहा मिलिमीटर उंचावरून करा.

टॅपिंग चालू असताना फीडचं बटण काम करत नाही, फीड होल्डही ऐकलं जात नाही. झेड स्पिंडलच्या ताब्यात असतो, आणि ते योग्यच आहे. मध्येच झेड थांबवला तर फिरणारा टॅप जाणार कुठे? इमर्जन्सी दाबलीच, तर टॅप भोकात असताना झेड वर उचलू नका. स्पिंडल हाताने उलटा फिरवत टॅप बाहेर घ्या.

हायड्रॉलिकच्या कामात एक पथ्य आणखी. आपल्या ब्लॉकवर बीएसपीचे, म्हणजे इंची पाइप-आट्यांचे, पोर्ट असतात. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे, म्हणजे पिच २५.४ भागिले १९, १.३३६८. प्रोग्रॅममध्ये के१.३३ (के म्हणजे पिच) लिहून भागत नाही. दहा फेऱ्यांत ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि घट्ट धरलेल्या टॅपला तो सोसत नाही. चार दशांश पूर्ण लिहा.

एन्कोडर बसल्यावर पहिला ब्लॉक घेतला तो त्याच ड्रॉइंगचा, बारा भोकांचा. एम१० ला ८.५ चं ड्रिल, पोर्टला ११.८ चं. ड्रिलची खोली आट्यांच्या खोलीपेक्षा पाच मिलिमीटर जास्त ठेवली, वेग ३००. बाराही भोकं झाली. मग चिप्स हवेने उडवून, तोच प्रोग्रॅम त्याच भोकांवर दुसऱ्यांदा चालवला. टॅप प्रत्येक भोकात आपल्याच आट्यातून आत गेला आणि बाहेर आला, नवी चिप जवळजवळ निघालीच नाही. आटे तपासायच्या प्लग गेजचं गो टोक सगळ्यांत गेलं, नो-गो एकातही गेलं नाही.